वाढत्या अंगाचं माप

२००३ च्या आसपास नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानांत असेंबल केलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरची डिस्क उघडली, की तिचे तीन तुकडे ठरलेले असत. सी, डी आणि ई. डिस्क चाळीस जीबीची असेल तर दहा, पंधरा, पंधरा. सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी आणि पिक्चर. हे माप कुठल्या कंपनीनं सांगितलेलं नव्हतं. खिशात स्क्रू ड्रायव्हर घालून स्कूटरवर फिरणाऱ्या आमच्यासारख्या पोरांनी ते ठरवलं होतं, आणि त्यामागं एकच अनुभव होता: विंडोज मरणार. व्हायरसनं मरेल, लाइट गेल्यानं मरेल, धाकट्या भावानं टाकलेल्या गेमनं मरेल, पण मरणार. मग फोन यायचा, "भाऊ, मशीन चालूच नाही होऊन राहिली," आणि आम्ही जाऊन सी फॉरमॅट करायचो. डीला हात लावायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. कोणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तिथं असत, कोणाचा पीएचडीचा प्रबंध.

पुढं लिनक्सच्या मशीन बसवायला लागलो तेव्हा या सी-डी-ईनं मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. लिनक्सवाल्यांचा वाद बहुतेक वेळा 'कुठल्या भागाला किती जागा लागते' यावर चालतो. आमच्या पोरांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. मेल्यावर काय वाचलं पाहिजे आणि दुरुस्तीला कोण येणार, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. इन्स्टॉलर जे माप आपणहून सुचवतो, ते जाणकारासाठी नसतंच. जाणकार बदलून घेतो. ते असतं 'पुढे, पुढे, पुढे' असं दाबत जाणाऱ्यासाठी आणि नंतर पाच वर्षं त्या पडद्याकडं न बघणाऱ्यासाठी. माझी सगळी गिऱ्हाइकं या दुसऱ्या जातीची. त्यांच्या वतीनं 'पुढे' दाबणारा मी.

त्या काळी लिनक्स हाती यायचे मार्ग थोडे होते. पीसीक्वेस्टबरोबर आणि २००३ मध्ये निघालेल्या लिनक्स फॉर यू या मासिकाबरोबर सीडी यायच्या. नंतर उबंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टानं पाठवू लागले, ते त्यांनी २०११ मध्ये थांबवलं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून दुकानातलं एक मशीन रात्रभर आयएसओ ओढत बसलेलं असायचं. मी शिकलो ते रेड हॅट लिनक्स ९ वर. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क ड्रुइड नावाचा भाग होता आणि मॅन्युअलमधली मापं आम्हाला तोंडपाठ होती: बूट शंभर एमबी, रॅम कमी पडली की वापरायची स्वॅप रॅमच्या दुप्पट, उरलेलं सगळं रूट, म्हणजे प्रणालीचं मुख्य घर.

बूट शंभरच का, स्वॅप दुप्पटच का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. नंतर कळलं, तेव्हा गंमत वाटली. जुन्या बायॉसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ जीबीपलीकडचं वाचता येत नसे. कर्नल त्या हद्दीच्या आत असला तरच मशीन उठणार, म्हणून डिस्कच्या तोंडाशी छोटंसं बूट पार्टिशन. २००३ मध्ये आमच्या काउंटरवर येणाऱ्या मदरबोर्डांना ही अडचण उरली नव्हती. पण माप उरलं होतं. स्वॅपचा दुप्पटीचा नियम तर रॅम एमबीत मोजायच्या काळातला. ६४ एमबी रॅमला १२८ स्वॅप ठीक आहे. पुढं आठ जीबी रॅमच्या मशीनवर सोळा जीबी स्वॅप ठेवणारी माणसं मी पाहिली. त्यांची डिस्क एकशेवीस जीबीची होती.

याचा सगळ्यात जुना नमुना खुद्द युनिक्समध्ये आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची पहिली छोटी डिस्क भरली, तेव्हा प्रणालीचे प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर सांडले. त्या डिस्कवर वापरकर्त्यांच्या फायली होत्या आणि तिचं नाव होतं यूएसआर. प्रोग्राम काही 'बिन'मध्ये आणि काही 'यूएसआर बिन'मध्ये, ही फाळणी तिथून सुरू झाली. पुढच्या पिढ्यांनी तिला मागाहून कारणं शोधून दिली, पुस्तकांत लिहिली, परीक्षेत विचारली. फेडोरानं ती २०१२ मध्ये मोडीत काढली, डेबियनला २०२३ उजाडलं. जागेच्या टंचाईतून निघालेलं माप टंचाई संपल्यावरही टिकलं, एकूण चाळीस-पन्नास वर्षं चाललं. म्हणून कोणी मला 'हे स्टँडर्ड आहे' म्हणून आकडा सांगितला, की मी आधी विचारतो, कुठल्या साली?

महालातल्या एका डीटीपीवाल्या काकांकडं मी पहिल्यांदा गेलो तो प्रिंटर दुरुस्तीसाठी. त्यांच्याकडं दोन प्रणाली एकाच डिस्कवर होत्या. विंडोज श्रीलिपीसाठी, कारण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका त्याच फॉण्टमध्ये अडकलेल्या. आणि लिनक्स बाकीच्या कामासाठी, कारण पुतण्यानं तसं सुचवलं. छोट्या फायली छापल्या जायच्या. चोवीस पानी स्मरणिका पाठवली की प्रिंटर गप्प. चूक दाखवणारी खिडकी नाही, काही नाही. काकांनी प्रिंटर दोनदा कंपनीच्या माणसाला दाखवला होता, केबल बदलली होती. जागेचा हिशेब दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवून पाहिली तर व्हार नावाचं वेगळं पार्टिशन, दोन जीबीचं, शंभर टक्के भरलेलं. छपाईच्या रांगेतल्या फायली व्हारमध्ये तयार होतात. मोठी पीडीएफ प्रिंटरच्या भाषेत उलगडली की मूळ फाइलच्या कित्येक पट फुगते. लॉग तिथंच, डाउनलोड केलेली पॅकेजं तिथंच. कोणीतरी सर्व्हरचं पुस्तक वाचून रूट, व्हार, टेम्प, होम अशी चार घरं आखली होती. सर्व्हरवर त्याला अर्थ आहे. लॉगचा पूर आला तर त्यानं बाकीची प्रणाली बुडवू नये, म्हणून तिथं व्हारला बांध घालतात, आणि त्या बांधावर चोवीस तास पगारी माणूस बसलेला असतो. महालातल्या मशीनवर काका बसलेले होते. त्यांना व्हार माहीत नव्हतं आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये आजही हे तीन पर्याय असतातच: सगळं एकाच पार्टिशनमध्ये, होम वेगळं, किंवा होम-व्हार-टेम्प वेगळे. पहिल्यापुढं लिहिलेलं असतं, नवख्यांसाठी योग्य. स्वतःला नवखं म्हणवून घ्यायला कोण तयार होतं? म्हणून हौशी माणूस तिसरा निवडतो. या पर्यायांच्या मागं जी कृती आहे ती मला आवडते. प्रत्येक पार्टिशनला तीन आकडे दिलेले असतात: किमान, कमाल आणि मध्ये प्राधान्य. आधी सगळ्यांना किमान मिळतं. उरलेली जागा, ज्याचं प्राधान्य त्याच्या किमानापेक्षा जितकं जास्त, त्या हिशेबानं वाटली जाते, आणि कमाल गाठली की त्याचं वाढणं थांबतं. खरा निर्णय त्या कमाल आकड्यात दडलेला असतो. रूटला अमुक जीबीवर टोपी घालणारा माणूस एक भविष्य सांगत असतो, की या घरात प्रोग्राम एवढेच येतील.

हे भविष्य गेल्या दहा वर्षांत चुकत गेलं. पूर्वी प्रोग्राम लहान आणि माणसाच्या फायली मोठ्या, असं गणित होतं. गाणी, पिक्चर, फोटो होममध्ये. म्हणून रूटला दहा-पंधरा जीबी आणि बाकी होमला. आता गाणी फोनवर, पिक्चर टीव्हीवर, फोटो कुठल्या तरी परदेशी ढगात. उलट फ्लॅटपॅक आणि स्नॅप आले. ते प्रोग्रामला लागणारं सगळं सामान बरोबर आणतात आणि ठेवतात व्हारमध्ये, म्हणजे रूटच्याच पोटात. स्नॅप मागची आवृत्तीही सांभाळून ठेवतं. इंजिनीअरिंगच्या पोरांचं डॉकर तिथंच. जर्नलची वही डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढते, चार जीबीला थांबते. लिनक्स मिंट स्वतः सांगतं, वीस जीबी किमान आणि शंभर असतील तर उत्तम. त्या दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं तरी कळतं, की बनवणाऱ्यांनाही तुमच्या घरात काय येणार याचा अंदाज नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलसाहेबांचं मशीन या बदलाच्या मधोमध सापडलं. ई-कोर्ट प्रकल्पामुळं न्यायालयांत उबंटू आलं, न्यायाधीशांच्या लॅपटॉपवरही आलं, आणि ते पाहून साहेबांचं म्हणणं पडलं, कोर्टात चालते ते माझ्या ऑफिसात का नाही चालणार? त्यांच्याकडं मिंट बसवलेलं होतं, रूट तीस जीबी, होम चारशेच्या वर. ई-फायलिंगसाठी कागदपत्रं स्कॅन करायची, त्यामुळं होम मोठं हवं, हा ज्यानं बसवलं त्याचा विचार. विचार वाईट नव्हता. कारकून दिवसभर वकालतनामे आणि सातबारे स्कॅन करीत होता, तरी वर्षभरात होम वीस टक्केही भरलं नव्हतं. काळीपांढरी पानं जागा खात नाहीत. रूट मात्र तुडुंब. टाइमशिफ्ट रोज प्रणालीचा स्नॅपशॉट घेत होतं आणि त्याच तीस जीबीत ठेवत होतं. प्रणाली बिघडली तर मागं जाता यावं म्हणून ठेवलेल्या प्रतींनीच प्रणालीचा गळा धरला होता. अपडेट अर्ध्यात थांबलं, अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी. साहेब विचारत होते, "चारशे जीबी रिकामे आहेत ना? मग जागा नाही म्हणजे काय?"

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. भिंत पलीकडं घातली गेली, एवढंच. स्नॅपशॉटची जागा होमच्या पार्टिशनवर वळवली आणि त्यांचं काम त्या दिवशी सुरू झालं. पण तेव्हापासून मी मापाचा विचार उलटा करायला लागलो. कुठल्या भागाला किती लागेल, हे सोडून, कुठला भाग भरला तर समोरच्या माणसाला काय दिसेल, हे आधी पाहायचं.

रूट भरलं तर अपडेट मोडतं, छपाई थांबते, कधी पडदाच येत नाही, आणि यातलं काहीही सामान्य माणसाला 'जागा संपली' असं दिसत नाही. बूट भरलं तर नवा कर्नल अर्धवट लिहिला जातो. होम भरलं तर बहुतेक वेळा माणसाला कळतं, कारण ते त्यानं स्वतः भरलेलं असतं. फक्त एक अपवाद आहे आणि तो शाळेत भेटतो. काटोलच्या बाजूच्या एका शाळेत सगळ्या मुलांसाठी मशीनवर एकच खातं होतं. होम काठोकाठ भरलं की पासवर्ड टाकल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवर येतो, कारण डेस्कटॉपला आपल्या बारीकसारीक फायली लिहायलाही जागा मिळत नाही. सर म्हणत, "पोट्ट्यांनी पासवर्ड बदलवला वाटते." मुलांनी पासवर्डला हातही लावला नव्हता. पेन ड्राइव्हवरून पिक्चर आणले होते. मी पोचायच्या आत घाबरून काहींनी ते डिलीटही केले होते, पण डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये जातं आणि ट्रॅशही होममध्येच असतं, तेव्हा जागा जिथल्या तिथं.

बूटबद्दल थोडक्यात. २००३ चे शंभर एमबी आज कधी कधी एका कर्नललाही पुरत नाहीत; कर्नल आणि त्याच्या जोडीचा आरंभीचा गठ्ठा मिळून काही मशीनवर दीडशेच्या पुढं जातात. एका लोकप्रिय डिस्ट्रोच्या एन्क्रिप्टेड इन्स्टॉलमध्ये बरीच वर्षं अडीचशे एमबीचं बूट मिळे, आणि जुने कर्नल न काढता नवे आपोआप येत राहिले की ते ठरावीक महिन्यांनी भरे. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करायची नसेल तर मी बूट वेगळं काढतच नाही. काढावं लागलं तर दोन जीबी. फेडोरानंही आता बूट दोन जीबीवर नेलं आहे. यूईएफआयसाठीचं पार्टिशन विंडोज शंभर एमबीचं करतं. मी एक जीबी करतो. दोनशेअडतीसमधून एक गेला तर कोणाला कळत नाही, आणि ते पार्टिशन नंतर वाढवणं हा अर्ध्या दिवसाचा उपद्व्याप आहे.

दोनशेअडतीस यासाठी म्हटलं, की दुकानदार दोनशेछप्पन म्हणतो. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात, आपली प्रणाली एक हजार चोवीसनं. पाचशेचे चारशेपासष्ट होतात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाही तर उरलेली जागा मी काढून घेतली असं तोंडावर ऐकावं लागतं. शिवाय एक्स्ट-फोर फाइल प्रणाली पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. डिस्क काही एमबीच्या असताना पाच टक्के म्हणजे चिल्लर होती. एक टीबीच्या होमवर ती पन्नास जीबी होते. होमवरचं हे राखण मी एक टक्क्यावर आणतो. रूटवरचं मात्र तसंच ठेवतो, कारण भरलेल्या रूटमध्ये शिरून साफसफाई करायला मला तेवढीच फट मिळते.

शाळेत जाणाऱ्या पोराला आपल्याकडं शर्ट शिवतात तो वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी बाह्या मनगटाखाली लोंबतात, तिसऱ्या वर्षी बरोबर बसतात. रूटचं माप मी तसं देतो. आज प्रणालीला पंधरा जीबी लागतात, म्हणून वीस नाही, साठ. सुरुवातीला साहेबलोक विचारतात, एवढी मोकळी कशाला? तीन वर्षांनी कोणी विचारत नाही.

पुस्तकी माणूस इथं म्हणेल, आधी छोटं शिवा आणि उसवून वाढवा, पार्टिशनचं माप नंतर बदलू देणारं एलव्हीएम कशासाठी आहे? म्हणणं खरं आहे. एक्स्ट-फोर चालू मशीनवर वाढवता येते, लहान करायची तर उतरवावी लागते. एक्सएफएस तर लहान करताच येत नाही. तेव्हा सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं, पाचवा हिस्सा कोणालाच न देता राखून ठेवायचा आणि जो ओरडेल त्याला वाढवायचं, हा एलव्हीएमचा शहाणपणा मला मान्य आहे. मोठ्या संस्थेत, जिथं सिस्टिमवाला नोकरीला आहे, तिथं मी तसंच करतो. पण इतवारीतल्या गाळ्यात मशीन बिघडली आणि मी गावाला गेलेलो असलो, तर शेजारच्या दुकानातला विंडोजवाला पोरगा येणार. तो पेन ड्राइव्हवरून एखादं साधन चालू करणार आणि त्याला दिसणार एक अगम्य ठोकळा. साधं पार्टिशन असेल तर निदान 'रूट', 'होम' असं नाव वाचून तो हात आवरेल. नावं म्हणूनच मी कटाक्षानं देतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन अक्षराविना उभं असतं; कोणी त्याला अक्षर दिलं आणि उघडायला गेला, की विंडोज विचारतं, फॉरमॅट करायचं का? आणि सी मारून टाकण्यात हयात गेलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो.

पार्टिशन नंतर सरकवण्याबद्दल लोक जितकं निर्धास्त बोलतात तितका मी नाही. उजवीकडं मोकळी जागा असेल तर वाढवणं मिनिटांचं काम. डावीकडं वाढवायचं, म्हणजे पार्टिशनचा आरंभच मागं न्यायचा, तर आतला सगळा डेटा एकेक ब्लॉक करून उचलून ठेवावा लागतो. फिरत्या डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात आणि मध्येच लाइट गेली तर अर्धा डेटा नव्या पत्त्यावर, अर्धा जुन्या. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर आणि सगळ्या मोहल्ल्याचे कूलर चालू असताना, मी यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय असल्या कामाला हात घालत नाही. बहुतेक वेळा घालतच नाही. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, नव्यानं मांडणी, परत भरणा.

डिस्क दर वर्षी मोठ्या होत जाणार आणि म्हणून हा प्रश्न आपोआप विरघळणार, असं मला वाटायचं. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि सीताबर्डीत भाव भडकले, तेवढाच काय तो खंड. पण पुढं एसएसडी आल्या आणि उलटंच झालं. पाचशे जीबीची फिरती डिस्क काढून लोक एकशेवीसची एसएसडी बसवू लागले, कारण मशीन लगेच उठते, आणि उठायला वेळ लागणं हेच त्यांचं दुखणं होतं. जागा एका दिवसात चौथ्या हिश्शावर आली. त्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. मोठ्या कंपन्यांतून निघालेली जुनी मशीन, आठ जीबी रॅम आणि दोनशेछप्पनची एसएसडी, नागपुरात ऑफिसाऑफिसांत आहेत. विंडोज ११ त्यांना घेत नाही. तेव्हापासून आमच्याकडं लिनक्सचं काम वाढलं आहे आणि छोट्या डिस्कवरची जुनी ओढाताण परत आली आहे.

स्वॅपची ओढाताण तेवढी मिटली. उबंटूनं २०१७ मध्ये १७.०४ पासून स्वॅपचं पार्टिशन सोडून स्वॅपची फाइल घेतली. कमी पडली तर मोठी करा, नको असेल तर पुसा. फेडोरानं ३३ पासून, म्हणजे २०२० मध्ये, डिस्कवर स्वॅप ठेवणंच सोडलं आणि रॅममध्येच दाबून भरायची झेडरॅमची सोय केली. आठ जीबीच्या मशीनवर मी चार जीबीची फाइल ठेवतो. लॅपटॉपवाल्याला झाकण लावून हायबरनेट हवं असेल तर मात्र रॅमएवढी, कारण रॅममधला ऐवज तिथं उतरवायचा असतो. कोणी दुप्पट ठेवा म्हटलं तर मी वाद घालत नाही, सोळा जीबी त्याच्या खिशातून जातात, माझ्या नाही.

सध्या वाद आहे तो आमच्या दुकानातल्या पोराशी. तो म्हणतो, "भाऊ, होम वेगळं ठेवाच कायले?" त्याचे मुद्दे सगळे बरोबर आहेत. एकच पार्टिशन असेल तर वकीलसाहेबांचा प्रश्न उद्भवतच नाही, भिंतच नाही तर ती चुकीच्या ठिकाणी कशी असेल? एकट्या पार्टिशनमध्ये माणसानं पिक्चर भरभरून टाकले तरी राखीव पाच टक्के प्रशासकाला उरतातच, त्यामुळं प्रणाली अगदी बसत नाही. परत इन्स्टॉल करताना होमचा फोल्डर न पुसता प्रणाली बदलणारे इन्स्टॉलर आहेत. आणि बीटीआरएफएस घेतली, जी फेडोरा डेस्कटॉपला ३३ पासून आपणहून देतं, तर रूट आणि होम वेगळे राहूनही एकाच हौदातून पाणी पितात, माप द्यायचंच नाही.

बीटीआरएफएसवर मी अजून येत नाही, कारण तिच्यात किती जागा शिल्लक आहे हे डीएफ नेहमी खरं सांगत नाही आणि माझ्या धंद्यात तो एक आकडा मला फोनवर गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यावा लागतो. बाकी मुद्द्यांवर मी हटलो. एकशेवीसवर आता आम्ही एकच पार्टिशन करतो. दोनशेछप्पनवर मशीन एका माणसाची असेल तर एकच, आणि चार जणांच्या हाती असेल तर रूट साठ, बाकी होम. पाचशेच्या वर तो एकच म्हणतो. मी शंभर रूटला काढतो आणि होमला भिंत घालतो, कारण परत इन्स्टॉल करायला दर वेळी तो किंवा मी जाऊच असं नाही, आणि जो जाईल त्याला 'याला हात लावू नको' असं फोनवर बोटानं दाखवल्यासारखं सांगता आलं पाहिजे. त्याचं म्हणणं, तसा माणूस पुरी डिस्कच मारतो, भिंत असली तरी. तेही मी पाहिलं आहे. पाचशेच्या वरची मशीन ज्याच्या टेबलावर आधी येते, त्याचं माप चालतं, असं सध्या ठरलंय.